स्टार्ट नसलेला रिमोट

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नगरला सावेडीतल्या घरी बसून मी तीन तास एका कॉम्प्युटरला 'वर' म्हणजे कुठे, हे शिकवत होते.

कॉम्प्युटर जुना. नव्या विंडोजचं ओझं त्याला पेलवेना, म्हणून भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स टाकून पाहिलं आणि गडी म्हातारपणी पुन्हा हिंडूफिरू लागला. मग त्यात एम्युलेटर घातला. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. पोलीस होऊन दारात आलेला बहुरूपी शिट्टी, पट्टा, दरडावणी सगळं हुबेहूब आणतो. हा प्रोग्रॅम १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या खेळयंत्राचं सोंग आणतो. आपल्याकडे ते यंत्र मुळात फार थोड्यांनी पाहिलं. आपल्याला भेटल्या त्याच्या नकला, आणि सगळ्या नकलांना घराघरात नाव एकच होतं, व्हिडिओ गेम. खेळाच्या डबीला कॅसेट म्हणायचं आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला रिमोट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 'नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार गेम्स', आत निघायचे मोजून सात-आठ. कॉपीराइट हा शब्द आमच्या गल्लीत तेव्हा पोचलेला नव्हता. म्हणजे आता माझ्या टेबलावर चाललं होतं ते सोंगाचं सोंग.

चितळे रोडवरून मी दोन युएसबी गेमपॅड आणले होते, अगदी एकसारखे. लिनक्समध्ये जेएसटेस्ट नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे उभे राहतात. दिशांसाठी दोन अक्ष, एक आडवा, एक उभा. काही दाबलं नाही तर शून्य. उजवीकडे दाबलं की ३२७६७, डावीकडे दाबलं की उणे ३२७६७. इथपर्यंत शाळेतल्या आलेखासारखं. पण वर दाबलं तरी उणेच! मी दोनदा पॅड उलटसुलट करून पाहिला. मग लक्षात आलं की पडदा वरून खाली मोजला जातो, आपण वही लिहितो तसा. पहिली ओळ वर, म्हणजे वर जायचं तर वजा व्हावं लागतं.

त्यानंतर दिशांचे आकडे एकाएकी गप्प झाले. अर्धा तास मी वायरी काढून पुन्हा लावल्या, कॉम्प्युटर बंद-चालू केला, देवाचं नावही घेतलं असेल. पॅडच्या मधोमध एक बारकं बटण होतं, त्याला माझा अंगठा लागून लाल दिवा पेटला होता. तो दिवा पेटला की दिशांची फुली आपली जागा सोडते, लिनक्सच्या लेखी ती वेगळाच अवयव होते आणि जुन्या अक्षांवर मशरूमसारखी छोटी दांडी येऊन बसते. आणि दांडीला शून्यावर बसणं ठाऊक नसतं. हात लावला नाही तरी ती थोडी कलते, तीनशे, पाचशे. तेवढं हलणं हलणं धरू नये, अशी मर्यादा आपणच आखून द्यायची. मी दिवा विझवला. मला दांडी नको होती. मला हवा असलेला खेळ चार दिशा आणि एक बटण एवढ्यावर भागतो.

तो खेळ म्हणजे टँक. खरं नाव 'बॅटल सिटी', नामको कंपनीचा, १९८५ चा. आता टँक म्हटलं की नगरच्या पोराला काही वेगळं सांगावं लागत नाही. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथेच, रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ मध्ये इथेच उघडलं. शाळेची सहल तिथे गेली होती, तेव्हा पासष्टच्या लढाईत पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन पाहिला. त्याची तोफ माझ्या दप्तरापेक्षा कितीतरी जाड होती, एवढंच लक्षात आहे. नगर, राहुरी आणि पारनेर या तालुक्यांत पसरलेल्या के. के. रेंजवर तोफांचा सराव चालायचा. मावशीचं गाव त्या बाजूला. धडाड झालं की तिच्या फळीवरची भांडी किणकिणायची आणि मावशी भाकरी थापता थापता "आज लवकर सुरू केलं बाई" म्हणायची, शेजारणीने जातं सुरू केल्यासारखं.

खेळात खाली मधोमध एक गरुड असतो, त्याच्याभोवती विटांचं कुंपण. वरून वीस रणगाडे एकामागून एक उतरतात. गरुड गेला की सगळं गेलं, मग तुमच्या कितीही लाइफ शिल्लक असोत. त्या कुंपणाला आम्ही भुईकोट म्हणत असू. मधूनच पडद्यावर फावड्याचं चिन्ह यायचं. ते उचललं की फुटलेल्या विटांच्या जागी काही काळ पोलादी भिंत उभी राहायची. त्या फावड्याचं नाव चांदबिबी. मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या भुईकोट किल्ल्याची भिंत पाडली आणि चांदबिबीने रातोरात ती बांधून घेतली, ही गोष्ट नगरमधल्या पोरांना पाठच असते. "चांदबिबी आली, चांदबिबी घे!" असं दादा ओरडायचा आणि मी धावायचे. फावडं घेणं हे माझं काम होतं, कारण मी दुसरी होते.

दोघांच्या खेळात पहिल्याचा रणगाडा पिवळा, गरुडाच्या डाव्या हाताला. दुसऱ्याचा हिरवा, उजव्या हाताला. भिंगारच्या आमच्या घरात १९९७ च्या उन्हाळ्यात तो डबा आला तेव्हा दादा अकरा वर्षांचा, मी आठ. कोण पहिलं, यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. दादा पिवळा, मी हिरवी. जसं त्याचं ताट भिंतीकडे आणि माझं दाराकडे.

आणि हिरव्याच्या रिमोटला स्टार्ट नव्हतं.

ही कुणाची खोडी नव्हती. मूळ जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटलाही स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नाहीत. त्यांच्याऐवजी तिथे बोलायला एक छोटा माइक दिला होता. आमच्या नकलेत माइकही नव्हता, नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. स्टार्टनेच खेळ थांबतो. म्हणजे थांबवणं फक्त पहिल्याच्या हातात. आणि आमच्या घरात नळाला पाणी आलं की हाक मला यायची. "अगं, हंडे लाव!" दादाला कधी कोणी हंडे लाव म्हटलं नाही. (आईवर राग धरून हे लिहीत नाही. तिलाही तिच्या लहानपणी कुणी विचारून हाक मारली नसेल.) "दादा, थांबव ना," मी म्हणायचे. तो कधी थांबवायचा, बऱ्याचदा "ही एवढी स्टेज" म्हणायचा. हंडा भरताना मला बाहेरच्या खोलीतून आवाज ऐकू यायचे. हिरवा रणगाडा आपल्या जागी नुसता उभा असणार, आणि त्याच्यावर गोळे पडत असणार.

मागच्या वर्षी भिंगारचं घर आवरताना माळ्यावर तो रिमोट सापडला. वायर उंदराने तोडलेली. मी मागचे स्क्रू काढले. मुळातल्या रिमोटमध्ये आठ बटणांची हजेरी घेणारी एक चिप असते. यंत्र एका तारेवरून इशारा करतं, मग एकेकाला विचारत जातं. ए? बी? सिलेक्ट? स्टार्ट? वर? खाली? डावं? उजवं? क्रम कधी बदलत नाही, आणि ही हजेरी सेकंदाला पन्नास-साठ वेळा होते. आमच्या नकलेत चिपच्या जागी डांबरासारखा काळा थेंब होता. पण मी पाहत राहिले ते दुसरंच. हिरव्या पाटीवर, मधोमध, स्टार्ट आणि सिलेक्टसाठी तांब्याच्या दोन दोन नागमोडी रेघा काढलेल्या होत्या. जागा होती. वर रबर नव्हतं आणि झाकणाला भोक पाडलेलं नव्हतं, एवढंच. सबंध लहानपणभर ते यंत्र माझ्या रिमोटलाही सेकंदाला पन्नास वेळा विचारत होतं, थांबवू का? आणि प्लास्टिक दर वेळी नाही म्हणत होतं.

जुना प्रिंटर लावायच्या खाचेला हा रिमोट जोडायची सोयही लिनक्समध्ये आहे. व्होयतेख पावलिक नावाच्या चेक प्रोग्रॅमरने ती फार पूर्वी लिहून ठेवली. पाच तारा लागतात, बस. पण उंदराने तीनच ठेवल्या होत्या. म्हणून चितळे रोड.

रविवारी एम्युलेटरची खिडकी उघडली आणि तीही हजेरी घेऊ लागली. 'ए'साठी बटण दाबा. माझं डोकं रिकामं. ए डावीकडे की उजवीकडे? सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शेवटी डोळे मिटले, पॅड मांडीवर धरला, पिवळा रणगाडा समोर आला असं मनात आणलं, आणि अंगठा आपोआप उजव्या बटणावर गेला. ए उजवीकडे. बी डावीकडे. मला ठाऊक नव्हतं, अंगठ्याला होतं.

मग दुसरा पॅड. इथे लिनक्सची एक गंमत आहे. आधी जोडाल तो जेएस-शून्य, नंतरचा जेएस-एक. म्हणजे पहिला शून्य आणि दुसरा एक. या हिशोबाने मी जन्मभर एक नंबर होते. दोन्ही पॅडचं नाव एक, कंपनीचा आकडा एक, त्यांच्यावर वेगळा असा क्रमांकच नाही. कोणता कोणाचा, हे ते कोणत्या खाचेत बसले यावरूनच कळतं. माझा पॅड मी आधी जोडला. जोडताना उगाच दाराकडे पाहिलं.

दुसऱ्याची हजेरी घेताना 'स्टार्ट'साठी बटण दाबा, असं आलं. पॅडला स्टार्ट होतं, चांगलं मोठं. मी थोडा वेळ थांबले. मग ती ओळ रिकामी ठेवून पुढे गेले.

भाऊबीजेला दादा पुण्याहून आला. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता, असं तो आल्या आल्या सांगत होता. औक्षण झालं, करंजी झाली. मग मी टीव्हीवर टँक लावला. दादा जागच्या जागी मुलगा झाला. सवयीने डावीकडे बसला. मी त्याच्या हातात पॅड दिला.

"मी हिरवा?"

"हो."

"बरं," म्हणाला. त्याला काही वाटलं नाही, आणि का कोण जाणे, तेच मला जरा लागलं.

पहिली स्टेज माझ्या हातून धड झाली नाही. पिवळा डावीकडून निघायचा आणि मी उजवीकडे हिरव्याला शोधत राहायचे. माझ्या गोळ्याने दादा दोनदा खिळला. या खेळात आपल्याच माणसाचा गोळा लागला तर तो काही क्षण हलू शकत नाही. "अगं, मी आपल्यातला आहे!" तो हसत होता. तिसऱ्या स्टेजला विटा फुटल्या, फावडं आलं, आणि मी "चांदबिबी!" म्हणायच्या आत दादाने धावत जाऊन ते उचललं.

पाचव्या स्टेजला त्याचा फोन वाजला. घरून होता. पडद्यावरची नजर न काढता त्याचा अंगठा स्टार्टवर गेला. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. पॅड हलवला, उलटा करून पाहिला.

"हे चालत नाहीये," तो म्हणाला. "अगं, थांबव ना."

माझा अंगठा स्टार्टवरच होता. उजव्या कोपऱ्यातून चार गोळे लागल्याशिवाय न मरणारा तो जाड रणगाडा भुईकोटाकडे वळला. हिरवा आपल्या जागी नुसता उभा होता, आणि फोन वाजत होता.