भाच्याचा टायगर

माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि टायगर श्रॉफबद्दल वाईट बोललेलं त्याला खपत नसे. थळच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून टायगरचे चार फोटो चिकटवलेले होते. ताई त्यांना 'तुझे देव' म्हणायची. बोंबील वाळत घालायच्या बांबूंपलीकडे मऊ वाळू आहे, तिथे तो यूट्यूब बघून उलट्या उड्या शिकला. एकदा मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर आठवड्याभरात पुन्हा वाळूत.

ही भक्ती जुनी होती. २९ एप्रिल २०१६ला 'सैराट' आणि टायगरचा 'बागी' एकाच दिवशी आले. आमचं सगळं घर 'सैराट'ला निघालं आणि आठ वर्षांचा हा एकटा 'बागी'साठी रडला. बरोबर सहा वर्षांनी, २९ एप्रिल २०२२ला, 'हिरोपंती २' आला. त्याच दिवशी 'चंद्रमुखी'ही लागला होता. ताईला तो बघायचा होता, पण या वेळी आम्ही भाच्याचं ऐकायचं ठरवलं. १ मेच्या रविवारी मी त्याला मांडव्याहून बोटीने मुंबईला नेलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चित्रपटाबद्दल आधी सांगतो. बबलू हा हॅकर. लैला नावाचा एक जादूगार-गुन्हेगार देशातल्या लोकांच्या बँक खात्यांवर डल्ला मारायच्या बेतात आहे, आणि त्याला रोखायचं काम बबलूवर येतं. म्हणजे शत्रूच्या घरात शिरायचं, त्याचा विश्वास कमवायचा, आत राहून बाहेरच्यांसाठी काम करायचं. सगळा हेरकथेचा ऐवज. शिवाय विषय आपल्या दारातला. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन आला की आमची आई आजही घाबरून मोबाइल उशीखाली ठेवते. या भीतीवर केवढा चित्रपट झाला असता.

झालं काय, तर टायगर येतो. संगीत वाढतं, कॅमेरा पायापासून वर चढतो, आजूबाजूचे लोक थांबून बघतात. हॅकर संगणकासमोर बसलेला दिसतो तेवढ्यापुरता. मारामारीत दहा जण एकेक करून आपली पाळी आल्यासारखे पुढे येतात. त्याला लागत नाही, धाप लागत नाही, भीती वाटत नाही. लैला झालेल्या नवाजुद्दीन सिद्दीकीला चित्रविचित्र हावभाव दिले आहेत. त्यांची थोडा वेळ गंमत वाटते, धाक कधीच वाटत नाही. गाणी रहमानची, तरी बाहेर पडताना एकही ओठांवर नव्हतं.

टायगरला काही येत नाही असं मी म्हणणार नाही. तीनच वर्षांपूर्वी, २०१९च्या 'वॉर'मध्ये, तो हेरच होता आणि चांगला वाटला होता. तिथे त्याच्यासमोर हृतिक होता. बाप गद्दार ठरलेला एक पोरगा, आपल्या वरिष्ठाच्या नजरेत भरण्यासाठी जिवाचं रान करणारा. तो दुसऱ्या कुणाकडे तरी बघत होता, म्हणून आपण त्याच्याकडे बघत होतो. 'हिरोपंती २'मध्ये त्याला बघण्यासारखं कुणीच ठेवलेलं नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं आणि त्याने आपल्याला दिसायचं. पोरं येणारच आहेत, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पोरं आलीही होती. मध्यंतरापर्यंत शिट्ट्या होत्या. नंतर माझ्या शेजारचा पॉपकॉर्नचा पुडा तसाच पडून राहिला.

परतीच्या बोटीत भाचा बराच वेळ गप्प होता. मी काही बोललो नाही. त्या वयात आपला माणूस पडलेला बघणं सोपं नसतं, आणि वर मामाने शेरे मारायचे म्हणजे जखमेवर मीठ. मांडवा जवळ आल्यावर तोच म्हणाला, "मामा, तो लपून काम करणारा ना? मग सगले त्यालाच कसे बगतात?"

एवढंच. पण मला वाटतं, तीन तारे आणि दोन तारे देणाऱ्यांपेक्षा त्याने नेमकं बोट ठेवलं होतं.

थळच्या पोराला हे कळावं यात नवल नाही. समोर खांदेरी आहे. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी बेटाची कोंडी केली, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री त्यांच्या नजरेआडून रसद पोचवत राहिल्या. त्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. दिसले नाहीत, म्हणूनच ते पोचले.

आणि घरात भावोजी आहेत. १९९३मध्ये याच जिल्ह्यात, शेखाडीला, स्फोटकं उतरली. २००८मध्ये कसाब आणि त्याचे साथीदार समुद्रातूनच मुंबईत आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांतून सागर सुरक्षा दलात माणसं घेतली, त्यात भावोजी गेले. बॅटरी घेऊन रात्री वाळूतून फेरी मारायची, अनोळखी होडी दिसली तर पोलिसांना कळवायचं. एवढ्या वर्षांत त्यांना काही सापडलं नाही. भाच्याला बापाच्या या कामाची थोडी लाजच वाटायची. मित्रांना तो ते सांगत नसे.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला मी गोकुळाष्टमीसाठी थळला होतो. दुपारी फोन वाजायला लागले. हरिहरेश्वरला एक बोट लागली होती आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या होत्या. जिल्ह्यात हाय अलर्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात बोटीतले अतिरेकी रायगडभर पसरले. नंतर विधानसभेत देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची होती, जूनमध्ये मस्कतजवळ इंजिन बंद पडल्यावर माणसांना वाचवलं गेलं आणि बोट भरकटत इथवर आली. अतिरेकी वगैरे कुणी नव्हतं. पण ती पहिल्यांदा दिसली तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. दिसल्यावर कुणीतरी पोलिसांना कळवलं, बाकी सगळं त्यानंतरचं.

भावोजी रात्री जेवून उठले, बॅटरी घेतली. भाचा म्हणाला, "मी येऊ?" ताई नको म्हणाली. भावोजी म्हणाले, "येऊ दे. पण बडबड नाय करायची. बगायचा ना सांगायचा, आपलं काम तवरंच."

दोघं गेले. मी ओट्यावर बसून होतो. खांदेरीच्या दीपगृहाचा उजेड येत-जात होता आणि खाली वाळूत एक बॅटरी, तीही बहुतेक वेळ बंदच. ते कुठे आहेत हे मला एकदाही नीट दिसलं नाही.

दीड वाजता परत आले. पावसाने भिजलेले. एक निळं प्लास्टिकचं पिंप वाहून आलं होतं, रिकामं. भावोजींनी फोन करून तेही कळवलं होतं. भाच्याने पाय धुतले आणि मला सांगितलं की पिंपावर काय लिहिलं होतं, झाकण कसं होतं, दोरी कुठल्या बाजूला बांधलेली होती. मी न विचारता, एकेक तपशील.

दुसऱ्या दिवशी हंडी होती. तो वरच्या थरात होता. फोडल्यावर खाली आला आणि सवयीने वाळूत एक उलटी उडी मारली. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कपाटावरचे फोटो अजून आहेत. ते काढ असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. फक्त दाराच्या खिळ्याला भावोजींच्या बॅटरीशेजारी आता आणखी एक बॅटरी लटकलेली असते.