फोटोच्या कडेला

गेल्या वर्षभरात आमच्या घरातली भाषा बदलली आहे. जेवायला हाक मारली की आतून उत्तर येतं, "आजी, रेंडर होतंय, दहा मिनिटं!" हे रेंडर काय प्रकरण आहे ते मला सुरुवातीला कळेना. आता कळतं. कुकरसारखंच आहे ते. सगळं आत घालून झाकण लावलं की शिट्टी होईपर्यंत उघडून बघायचं नाही.

आमची नात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी ज्याला बीएमएम म्हणत त्याचं नाव आता बीएएमएमसी झालंय. नाव लांबलं तशी फीही लांबली, पण ते असो. मीरा रोडला आमची दोन खोल्यांची जागा, त्यामुळे तिचा स्टुडिओ म्हणजे जेवणाचं टेबल. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. कुणी शिकताना दिसलं की शेजारी खुर्ची ओढून बसायची खोड काही जात नाही. काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत, स्टेशनवर सकाळी मेकअपच्या पेट्या घेतलेली मुलं दिसतात, पण तो धंदा आत कसा चालतो हे इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. ते आता टेबलाशी बसून कळतंय.

तिचा पहिला प्रयोग होता मेथीचा. वाडग्यात माती, त्यात मेथीचे दाणे, आणि समोर स्टँडवर मोबाइल. दर अर्ध्या तासाला एक फोटो आपोआप निघणार. दिवसाचे अठ्ठेचाळीस, पाच दिवसांचे दोनशे चाळीस. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं जातात, म्हणजे पाच दिवसांच्या खटाटोपातून मिळणार दहा सेकंद! मी म्हटलं, "एवढ्यात तर मेथीची भाजी होऊन संपली असती." पाचही दिवस ओट्यावरचा तो कोपरा सोवळ्यात असल्यासारखा होता. वाडगं तसूभर हलवायचं नाही. कामवाल्या बाईंना तिने स्वतः जाऊन बजावलं. तरी पहिल्या खेपेला चित्र लुकलुकत आलं, कारण मोबाइल स्वतःच्या डोक्याने दर वेळी उजेड कमीजास्त करत होता. मग उजेडाचं ते माप पक्कं करून ठेवायचं असतं हे ती शिकली, आणि तिच्या मागून मी. दुसऱ्या खेपेला कोंब मातीतून मान वर काढताना दिसला तेव्हा आम्ही दोघी ते दहा सेकंद वीसेक वेळा तरी बघत बसलो.

तेव्हा मी तिला सांगितलं की हे तुझ्या आधी शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने केलंय. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. 'अंकुराची वाढ' म्हणतात त्या चित्रपटाला. भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून केलेला तो नमुना होता. फाळके १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट झालं, बडोद्याचं कलाभवन झालं, फोटोग्राफी, छपाईचा धंदा, मधे डोळ्यांचं मोठं दुखणं. अशा माणसाने परत विद्यार्थी व्हायचं ठरवलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न भेटले, त्यांच्यामुळे हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं, आणि दोन महिन्यांत फाळके परत मुंबईत हजर. नातीचा कोर्स तीन वर्षांचा आहे हे मी मुद्दाम बोलले नाही!

पण या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडतं ते माणूस वेगळंच आहे. फाळक्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, कच्ची फिल्म मागवली. त्या फिल्मच्या कडेला भोकं नसत, ती आपण पाडायची. आणि उजेड लागला की फिल्म गेली, म्हणजे अंधारात पाडायची. हे काम करायच्या सरस्वतीबाई फाळके. भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हे त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पैशासाठी दागिनेही त्यांनीच काढून दिले होते. तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा फाळक्यांनी त्यांनाही विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या, आणि ते काम अखेर साळुंके नावाच्या, हॉटेलात स्वयंपाकाला असलेल्या तरुणाने केलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पडद्यावर साळुंके दिसले. सरस्वतीबाईंच्या हातून गेलेली फिल्म मात्र फूट न् फूट पडद्यावरून सरकत होती.

नात म्हणाली, "म्हणजे ती टेक्निकल हेड होती!" मला हसू आलं, पण शब्द चुकीचा नव्हता.

पुढचा धडा उत्तनचा. चौघींच्या गटाने भाईंदर स्टेशनहून बस पकडायची, आणि कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांवर तीन मिनिटांची फिल्म करायची. पहिल्या दिवशी आवाज सगळा वाऱ्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी मायक्रोफोनला गोंड्यासारखं टोपरं घालून नेलं. दोन तासांच्या वर चित्रण झालं, त्यातली तीन मिनिटं ठेवायची. हे काम मला ओळखीचं वाटलं. सारांशलेखन म्हणून आम्ही हेच शिकवत होतो, एकतृतीयांश करा म्हणून. इथे चाळिसातला एक भाग ठेवायचा, एवढाच काय तो फरक. एका बाईंनी कामाच्या भरात तिला "बाजूला हो गं, पायाखाली बोंबील आहेत" असं खडसावलं होतं. ते वाक्य ठेवावं की काढावं यावर चौघींचं आमच्या घरात रात्री अकरापर्यंत भांडण. शेवटी ठेवलं. माझ्या मते फिल्ममधलं तेच सगळ्यात चांगलं आहे.

आता फोटोची गोष्ट. खरं तर ती सांगण्यासाठीच लिहायला बसले.

जुना खराब झालेला फोटो संगणकावर नीट करायचा असा स्वाध्याय होता. तिने माझ्या ट्रंकेतून १९६२ सालचा फोटो काढला. माझ्या थोरल्या चुलतभावाचं लग्न, वाईच्या घराचं अंगण. काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटो काढणारे फोटोग्राफर मला आठवतात. पुढच्या रांगेत मांडी घालून, रिबिनी बांधून बसलेली अकरा वर्षांची मुलगी ती मी. फोटोला मधोमध घडी पडलेली, एक कोपरा कसरीने खाल्लेला, वर चहाचा की कशाचा डाग.

तिने तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला. मग लेयर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिल चालवायचो ना, तसंच. मूळ चित्र खाली तसंच राहतं, सगळी दुरुस्ती वरच्या पारदर्शक कागदावर. नको असेल तर कागद उचलायचा. डाग घालवायला शेजारचा चांगला तुकडा उचलून डागावर लावायचा. ठिगळच ते, पण शिवण न दिसणारं. दोन संध्याकाळी खपून तिने घडी अशी मिटवली की मी चष्मा पुसून शोधत होते.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजी, उजवीकडे दारात काहीतरी अर्धवट आलं होतं, ते काढून टाकलं. आता कसं मोकळं वाटतं!" तिथे नुसतं दार होतं. लाकडाच्या रेषासुद्धा बरोबर जुळलेल्या.

ते अर्धवट म्हणजे माझी आत्या होती.

आत्याचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सतराव्या वर्षी ती माहेरी परत आली. त्या लग्नाचे बेसनाचे लाडू तिनेच वळलेले, पण फोटोच्या वेळी तिने पुढे यायचं नाही हे कुणी सांगावंही लागलं नाही. कुणीतरी पाणी मागितलं म्हणून तांब्या घेऊन दाराशी आली असेल, तेवढ्यात फोटो निघाला. फोटोत तिची निम्मी बाजू, तीही दाराच्या अंधारात. मी १९६८ साली अकरावी झाले तेव्हा वडील म्हणाले, पुरे झालं आता. शेवया-पापड करून आणि लोकांचं शिवण शिवून साठवलेले पैसे आत्याने डब्यातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. माझी कॉलेजची पहिली फी ती. मी पुढे बी. ए. झाले, शिक्षिका झाले, आणि या घराचे हप्ते त्या पगारातून गेले. १९७९ मध्ये ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने वरचा कागद उचलला, आणि आत्या दारात परत आली. पोरगी तिथे थांबली नाही. काळोखाचा भाग तेवढा निवडून हळूहळू उजेड वाढवत गेली. आधी तांब्याची कड दिसली, मग बोटं, मग डोक्यावरून घेतलेला पदर, नाक, एक डोळा. दुसरी बाजू चौकटीआडच. त्रेसष्ट वर्षांनी मी आत्याचा डोळा पाहिला. ती फोटोग्राफरकडे बघत नाहीये. खाली बघतेय, बहुधा आम्हा पोरांकडे.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हल्ली त्या प्रोग्राममध्ये एआय आलंय. अपुरं चित्र ते स्वतःच पुरं करतं. नात म्हणाली, "चेहरा पूर्ण करून बघू?" केला. क्षणात एक गोल चेहऱ्याची, मंद हसणारी, समोर बघणारी बाई तयार. आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. नऊवारी आणि डोक्यावर पदर दिसला की कुंकू असणारच, असं त्याने आपलं ठरवून टाकलं.

घरात कुणी काही बोलेना. मग माझा मुलगा म्हणाला, "राहू दे ना आई. जन्मभर कुणी लावू दिलं नाही, फोटोत तरी असू दे." सूनबाईंचे डोळे भरले. आणि मला, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी ते पटलं. रात्रभर मी त्या कुंकवाचा विचार करत होते. तिला आवडलं असतं का? तिने लहानपणी माझ्या कपाळाला लावताना स्वतःच्या बोटाला लागलेलं कुंकू लगेच पदराला पुसलेलं मी पाहिलं होतं.

सकाळी मी नातीला म्हटलं, ते काढ. ती बाई आपली आत्या नव्हेच, हे एक. दुसरं असं की उद्या तुझ्या मुलांनी हा फोटो पाहिला तर ती विचारतील, ही सवाष्ण बाई घरचं लग्न असून दारात का उभी? कामवाली असेल, असं म्हणून पुढचं पान उलटतील. तिला तिथे उभं करणारे आपलेच लोक होते, आणि त्यातले बरेचसे पुढच्या खुर्च्यांवर छान बसले आहेत. कपाळ मोकळं असेल तरच कुणीतरी कधीतरी विचारेल. मुलाला हे पूर्ण पटलेलं नाही. तो अजून म्हणतो, तू मास्तरीण आहेस, तुला प्रत्येक चित्राखाली प्रश्न हवा असतो. असेल.

नातीने अर्ध्या चेहऱ्याचाच फोटो कॉलेजात दिला. सोबत अर्धं पान लिहिलं, काय दुरुस्त केलं, काय उजळलं आणि काय मुद्दाम केलं नाही. वीसपैकी चौदा मिळाले. शेरा असा, की उजव्या कडेची आकृती लक्ष विचलित करते, चौकटीत घेताना कापायला हवी होती. मीही पेपर तपासलेत, शेऱ्याचं मी मनावर घेत नाही. नातीने मात्र घेतलं. दोन दिवस धुमसत होती, आणि मग तिने तो फोटो मोठा छापून आणला, उजवीकडे थोडी जास्तच जागा सोडून.

तर आपल्या नात्यातल्या मंडळींना एक विनंती. वाईच्या घरचे जुने फोटो पुण्याला, सांगलीला, शिवाय अमेरिकेतल्या दोघांकडे विखुरलेत. त्यात मागे, दारात, विहिरीपाशी, कुणाच्या खांद्याआड आत्या असेल तर कळवा. निम्मी असली तरी चालेल. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मोबाइलवर काढायचा तर फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दबून येतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नातीची परीक्षा झाली की ती सगळे नीट करून देणार आहे. मोबदला आधीच ठरलाय, दर फोटोमागे एक पुरणपोळी. ती मी करायची आहे, तुम्ही नुसते फोटो पाठवा.