डाव्या पायाचा प्रश्न

बास ड्रमला एक पेडल लावावे की दोन, हा प्रश्न बहुधा वेगाचा म्हणून मांडला जातो. दोन पायांनी एकापेक्षा अधिक आघात होतील, हे उघडच आहे. मला मात्र हा प्रश्न वेगाचा नसून डाव्या पायाचा वाटत आला आहे.

डावा पाय रिकामा नसतो. हाय-हॅटच्या झांजांची जोडी त्याच्या ताब्यात असते. त्याने दाब दिला की झांजा मिटतात आणि नाद कोरडा होतो. दाब सैल केला की तोच नाद पसरतो. गाण्याचा श्वास पुष्कळदा इथेच असतो. दुहेरी पेडल आले की डाव्या पायाखाली दुसरी पट्टी येते, तिची हालचाल एका सांधेदार दांड्यामार्फत उजवीकडे पोचते आणि एकाच ड्रमवर दोन ठोकळे आळीपाळीने आदळू लागतात. तेवढा वेळ झांजा एकतर उघड्या सोडायच्या, नाहीतर मिटलेल्या अडकवून ठेवायच्या. ('दुहेरी' या शब्दात या वजाबाकीचा मागमूसही नाही.)

एकेरी पेडलचे पक्षपाती जॉन बॉनमची साक्ष काढतात. लेड झेपेलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधील 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मध्ये दोन पाय चालल्याचा भास होतो, चालतो एकच. तीन ठोक्यांच्या गटातील दोनच तो पाय वाजवतो, गाळलेली जागा ऐकणाऱ्याचा कान भरतो. साक्ष खरी आहे. परंतु तिच्या आधारे दुसऱ्या पायाला कुबडी ठरवणे मला मान्य नाही. मोटरहेडच्या १९७९च्या 'ओव्हरकिल'मध्ये फिल टेलरने दोन बास ड्रमांवर जो अखंड ओघ धरला आहे, त्यात गाळलेली जागा नाही, आणि तेच त्याचे सौंदर्य आहे. ते एका पायाचे काम नव्हे. शिवाय ही केवळ मेटलवाल्यांची हौसही नव्हे. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात लुई बेलसन १९५०च्या दशकाच्या आरंभीच दोन बास ड्रम वाजवत होता.

आम्ही चौघे बरीच वर्षे रविवारी एकत्र वाजवतो. अलीकडे बाकी तिघांना वेगवान मेटलची ओढ लागली आहे. "पेडल घे, अर्धे पैसे मी देतो," असे गिटारवाला मित्र म्हणाला, तेव्हा मी एक उसने आणून महिनाभर घरी रियाज केला. ठोके सम पडू लागले, तक्रारीला जागा नव्हती. तरी वाजवताना मी कुठे टेकलो आहे तेच कळेना, कारण इतकी वर्षे मात्रा मोजली ती त्या डाव्या टाचेने. मी नकार कळवला, आणि दुसरा वादक शोधण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हेही सांगितले.

त्यांनी तो शोधला. विशीतला मुलगा आहे, दोन्ही पाय सुरेख चालतात. संथ गाणी तूर्त माझ्याकडे आहेत. किती दिवस, हे कोणी बोललेले नाही.