पांढऱ्या भिंतीची भीती

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला आहे म्हटलं की घरच्यांना वाटतं, याला सगळंच येतं. लातूरजवळच्या गावात मामांचा डीजे आहे. 2023 च्या गणपतीनंतर नाशिकहून लेझरने पोरांच्या डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून मामा मागे लागलेले, "आपला लाइट मोजून दे की." शेवटी सरांकडून पॉवर मीटर आणि दोन नारिंगी गॉगल मागून घेतले आणि लोहा-अहमदपूरमार्गे एसटीने निघालो. प्रयोगशाळेच्या टेबलाबाहेर तो मीटर मी कधी लावला नव्हता.

अंधार पडल्यावर चुना दिलेल्या भिंतीवर 1 वॉटचा हिरवा किरण एका जागी धरला. सेन्सर भिंतीपासून मीटरभर. गॉगल चढवला तर ठिपकाच गायब!

"मामा, लाइट लावा ना."

"बटन चालूच हाय की रं!"

हिरवं अडवणाऱ्या गॉगलमधून हिरवं दिसणार कसं?

मीटरवर 90 मायक्रोवॉट. मला घाम फुटला. लेझर बंद करायला लावला, तरी 65! तो शेजारच्या खांबावरचा हॅलोजन होता. वजाबाकी केली, भिंतीचे खरे फक्त 25. सेन्सर एक चौरस सेंटिमीटरचा, आणि पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात तेवढ्या जागेला अडीच मिलिवॉट चालतात, म्हणजे शंभरपट. खडबडीत चुना उजेड चहूकडे उधळतो. रात्रभर ज्या भिंतीला भ्यायलो, ती गरीब निघाली.

मग धीर चेपला. लाइटचं तोंड अंगणातल्या जीपकडे वळवलं. काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून जेमतेम आठ टक्के उजेड परततो, त्यात काय मोठंसं! ठिपका दिसत नव्हताच, सेन्सर हातभर इकडे-तिकडे सरकवत चाचपडत होतो. एका जागी आकडा उसळला: 71. मायक्रो नव्हे, मिलिवॉट. मी दुप्पट लांब गेलो. भिंतीपाशी तेवढ्याने चौथाई झाला असता, इथे तो हललाही नाही. किरण तसाच्या तसा, बारीकच्या बारीक परत येत होता. अंधारात 7 मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीत तो सगळा मावतो, आणि तिथली हद्द आहे 1 मिलिवॉट.

मामांनी आकडा दोनदा वाचून घेतला. लेझर बंद केला, ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढली आणि जीपवर टाकली.

"आन् वरातीत किती गाड्यांवर टाकायची?" ते म्हणाले.