आरझी आणि अर्जी

नववीच्या उर्दूच्या तासाला 'आरझी' हा शब्द आला. आरझी म्हणजे तात्पुरतं. त्याच्या शेजारी मी फळ्यावर 'अर्जी' लिहिलं आणि मुलांना दाखवलं, की दोन्हींचं मूळ एकच, ऐन-रे-ज़्वाद. आपला मराठीतला 'अर्ज'ही तिथूनच आलेला. एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे मॅडम, जो आरझी असतो त्याला सारखी अर्जी करावी लागते?" वर्ग हसला. मला डेन्मार्कमधले सीरियन आठवले.

डेन्मार्कने २०१५ साली कायद्यात नवं कलम घातलं. युद्धातून पळून आलेल्यांना त्याखाली तात्पुरतं संरक्षण मिळू लागलं. आधी एक वर्षाचा परवाना, मग ठरावीक मुदतीचं नूतनीकरण. २०१९ मध्ये तिथल्या यंत्रणेने ठरवलं, की दमास्कस आता पुरेसं सुरक्षित आहे. आणि नूतनीकरणाला नकार येऊ लागले. तरुण पुरुषांना सक्तीच्या सैन्यभरतीचा धोका असल्याने बहुधा पक्कं संरक्षण होतं. फटका बसला तो जास्त करून बायकांना आणि म्हाताऱ्यांना.

नकार आला की प्रकरण आपोआप निर्वासित अपील मंडळाकडे जातं. निकालापर्यंत देशात राहता येतं. काहींचे परवाने मंडळाने परतही दिले. पण मंडळानेही 'नाही' म्हटलं, तर पुढे कोर्टाची वाट जवळपास बंद. काम करण्याचा हक्क जातो, कॉलेज सुटतं, ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा. नाही सोडला तर परतपाठवणी केंद्रात राहायला जायचं. त्यातलं एक केंद्र तर पूर्वी तुरुंग होतं. शिवाय असदच्या सरकारशी डेन्मार्कचा व्यवहारच नव्हता, त्यामुळे जबरदस्तीने परत पाठवताही येत नव्हतं. ना ठेवून घेतलं, ना पाठवलं. डॅनिश शिकलेली, कमावती माणसं नुसती बसून राहिली. कुणी दुसऱ्या देशात निघून गेली, पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करायला.

माझा अनुभव यापुढे काहीच नाही, तरी सांगते. आम्ही भाड्याच्या घरात होतो, अकरा महिन्यांचा करार. दोनदा वाढवून मिळाला. तिसऱ्यांदा मालक म्हणाले, "आता नको." कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नवं घर बघायला गेलो की आमचं आडनाव ऐकून बोलणं थांबायचं. सव्वा महिना नणंदेकडे काढला. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. तो रोज रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपायचा. का रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "अम्मी, सकाळी निघायचं असलं तर?"

आम्हाला घर मिळालं. पण दप्तर उशाशी घ्यायची त्याची सवय जायला वर्ष लागलं.

त्या मुलीला मी वर्गात उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला अर्जलेखन होतं. विषय दिला, 'मुदतवाढ मिळण्याबाबत.' तिने हात वर केला. "मॅडम, कारण काय लिहू?"

म्हटलं, "बेटा, खरं असेल ते लिही. आणि खाली एक ओळ जास्त लिही. नाकारणार असाल, तर कृपया कारण कळवावे."