हिरकणी कक्षाची किल्ली

एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' ही पाटी आपण पाहिलीच असेल. गेल्या दहा-बारा वर्षांत ती ठिकठिकाणी लागली. रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या गवळणीचे नाव त्या खोलीला दिले, चांगले झाले. पण त्या खोलीत बसून बाळाला पाजणारी बाई आपल्यापैकी किती जणींनी पाहिली? सुनेबरोबर प्रवास करेपर्यंत आम्हालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आम्ही पलूसला राहतो. घरची जमीन नाही. या भागात ऊस आणि द्राक्ष, आणि आम्ही सारी उमर द्राक्षबागेत मजुरी केलेली. आमची लेकरे बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत वाढली. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात. त्या औषधाचे हात घेऊन पोराला पाजायचे कसे? पाण्याची घागर लांब, मुकादम डोक्यावर. लुगड्याला हात पुसून आम्ही पोर पदराखाली घेत असू. आज आठवले की अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी नातू चार महिन्यांचा असताना त्याला तपासणीसाठी मोठ्या गावी न्यावे लागले. परतताना स्टँडवर दोन तास गाडी नाही. पोर भुकेने रडून लाल झाले, लंगोट ओला, दुपटे ओले. हिरकणी कक्षाला कुलूप. चौकशीच्या खिडकीवर विचारले तर किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला गेलेला. बऱ्याच वेळाने दार उघडले तेव्हा आत जुन्या कागदांचे गठ्ठे आणि एक मोडके टेबल. बसायला जागा नाही, पंखा नाही, पाण्याचा थेंब नाही. शेवटी सून भिंतीकडे तोंड करून बाकड्यावर बसली आणि आम्ही पदर पसरून पुढे उभे राहिलो. तरी माणसे मान वळवून बघतच होती. पाकीट आणि विडी सोडून या लोकांना दुसरे काम नसते काय, असे तेव्हा वाटले.

गाडीत बसल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासनं बाटली लावूया. मला हे सोसवत न्हाई."

आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवे होते. बाटली आली. बाळ जितके ओढते तितके दूध येते. त्याने ओढणे कमी केले की आईचे दूधही आटते. पंधरा दिवसांत तसेच झाले, वर पोराला जुलाब लागले. सलाइन लागले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. मग आशाताईंनी दोन आठवडे रोज येऊन सुनेला धीर दिला आणि पोर पुन्हा अंगावर आणले. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. पण घराबाहेर पडलेल्या आईने ते कुठे बसून द्यायचे, हे कोण सांगणार?

हे गरिबाच्याच वाट्याला येते असेही नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. त्यांच्या बाळासाठी तिथे हिरकणी कक्ष झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे २०२३ च्या मुंबईतल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांनाच त्या कक्षात धूळ दिसली, सोयी दिसल्या नाहीत, आणि डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ते सांगितले. जिथे कायदे होतात तिथे ही गत!

कायद्याला आपल्याकडे तोटा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला त्या काळात विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्याचा भार काही अंशी उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण हे सारे हजेरीपटावर नाव असलेल्या बाईचे. टोळीने बागेत जाणारीचे नाव कुठल्या पटावर असते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक जागी शक्य तिथे अशी सोय करा आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच तिच्यासाठी जागा ठेवा. न्या. नागरत्ना यांच्याबरोबर त्या खंडपीठावर न्या. प्रसन्न वराळे होते. निपाणीचे वराळे घराणे आपल्या वाचकांना नवे नाही.

हे सगळे लिहिताना आमचे लक्ष आमच्याच विहाराकडे गेले. १४ एप्रिलला व्याख्यान रंगात आले की पोर रडते आणि त्याची आई उठून बाहेर चपलांशेजारी जाऊन बसते. वर्षानुवर्षे आम्ही हे पाहिले आणि कुणाला काही वाटले नाही. शेजारी खोली होती, पण तिच्यात सतरंज्या आणि कर्णे ठेवलेले. किल्ली अध्यक्षांच्या घरी!

आम्ही बायकांनी ते सामान माळ्यावर चढवले. हाताची खुर्ची, पाण्याची बादली, साबण, लंगोट बदलायला फळी आणि घाण लंगोटासाठी झाकणाचा डबा, सगळे मिळून हजार रुपयांच्या आत झाले. अध्यक्ष म्हणाले, "कुलूप लागंल की, नाहीतर सामान जाईल." आम्ही बाहेरचा कोयंडाच काढून टाकला आणि आतून कडी बसवली. खिडकीला निम्मा पडदा लावला आहे, वरचा अर्धा भाग उघडा असतो. भाषण आत ऐकू येते.