हुकूम आणि सराव

परेड मैदानावर ‘सावधान’ ऐकताच आपले पाय आपोआप जुळतात. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून पायापर्यंत जातो, याचा मी कधी विचार केला नव्हता. रायपूरला माझे मामा आंब्याच्या झाडावरून पडले, मानेजवळ मज्जारज्जूला मार बसला, तेव्हा तो करावा लागला.

ऑपरेशननंतर त्यांची बोटं जेमतेम हलत होती. डोक्याजवळ चुंबक धरून हातपाय हलते करणाऱ्या यंत्राबद्दल घरात कोणीतरी ऐकलं, आणि आजोबा धानाचं शेत विकायला निघाले. मी सुट्टीवर होतो. डॉक्टरांना विचारलं, ‘सर, खरंच असं होतं का?’

त्यांनी शांतपणे समजावलं. हे यंत्र 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. त्याच्या कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र क्षणात बदलतं, त्यामुळे कवटी न उघडता मेंदूत सौम्य वीज निर्माण होते आणि बोट हलतं. मज्जारज्जू पूर्ण तुटला नसेल, तर काही तंतू शाबूत राहतात. त्यांतून जाणारा हुकूम बळकट व्हावा म्हणून व्यायामाच्या जोडीला हे यंत्र वापरून पाहतात. काही रुग्णांना फायदा झाला, सगळ्यांना नाही. संशोधन चालू आहे. यंत्र आलं तरी सराव सुटत नाही.

आजोबांनी शेत ठेवलं. मामा रोज एका वाटीतले चणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकतात. दिवाळीत त्यांना अर्धा तास लागायचा, उन्हाळ्यात वीस मिनिटं.

सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्या काळी असं यंत्र नव्हतं. पण पोहण्याचा सराव करून त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. मामांना मी त्यांची गोष्ट सांगितली. ते एवढंच म्हणाले, ‘चणे आण.’

मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणी उंचावरून पडलं तर त्याला ओढून बसवू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका, 108 ला फोन करा. शाबूत राहिलेले थोडे तंतू वाचवणं त्या वेळी आपल्याच हातात असतं.